आधी घड्याळजी, मग घड्याळ

पहिलं जुनं मनगटी घड्याळ घ्यायचं मनात आलं की माणूस थेट घड्याळ शोधायला निघतो. मोबाइलवर फोटो बघतो, भाव विचारतो आणि एखादी चकचकीत डायल आवडली की पैसे पाठवून मोकळा होतो. माझं सांगणं उलट्या क्रमाचं आहे. आधी घड्याळजी शोधा. चावीचं घड्याळ पूर्ण सुटं करून, धुऊन, तेल देऊन पुन्हा जोडणारा माणूस जालन्याच्या सदर बाजारात, अंबडला, परतूरला, भोकरदनला, तुमच्या जवळपास कुठे बसतो हे पक्कं माहीत झाल्याशिवाय घड्याळावर रुपया खर्च करू नका. घड्याळं अजून पुष्कळ आहेत. असे हात मात्र झपाट्यानं कमी होत चालले आहेत.

तालुक्याच्या गावात घड्याळाचं दुकान सापडणं अवघड नाही. पण बहुतेक दुकानांत आता सेल बदलणं, पट्टा लावणं आणि भिंतीवरच्या घड्याळाचं मशीन बदलून देणं एवढंच काम उरलं आहे. त्यात त्यांचा दोष नाही, गिऱ्हाईकच तेवढं येतं. खरा कारागीर ओळखायचा तर त्याच्या टेबलाकडे बघा. डोळ्याला लावायचं भिंग, बारीक टोकाचे चिमटे, पातळ पात्यांचे स्क्रू ड्रायव्हर, सुटे भाग झाकून ठेवायच्या काचेच्या वाट्या आणि जुन्या मशीनांनी भरलेले डबे दिसले तर थांबा. मग सरळ विचारा, ‘‘काका, चावीच्या घड्याळाचं मशीन पूर्ण खोलता का?’’ ‘‘ठेवून जा, आठ दिवसांनी या,’’ असं उत्तर आलं तर जागा बरोबर आहे. ‘‘बसा, दहा मिनिटांत ऑइल मारून देतो,’’ असं म्हणाले तर पट्टा लावून घ्या आणि घड्याळ खिशात घालून परत या.

एवढा आग्रह का, हे घड्याळाच्या पोटात काय चालतं ते पाहिलं की कळतं. चावी भरली की डबीतली स्प्रिंग आवळली जाते. ती उलगडताना जो जोर देते तो चाकांच्या साखळीतून शेवटच्या दातेरी चाकापर्यंत पोहोचतो. तिथे एक छोटा काटेरी अडसर त्या चाकाला दर खेपेला एकेका दातापुरतंच पुढे सोडतो. कधी सोडायचं हे ठरवतं बॅलन्स व्हील, आणि त्याला मागे-पुढे झुलवते केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या चावीच्या घड्याळांत हे झुलणं तासाला १८,००० वेळा होतं. म्हणजे सेकंदाला ५, दिवसाला ४ लाख ३२ हजार, वर्षाला पावणेसोळा कोटी. आणि हे सगळं ज्या टोकांवर फिरतं ती साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीची असतात. त्या टोकांना माणकाच्या खड्यांतली भोकं धरून ठेवतात. डायलवर लिहिलेलं ‘१७ ज्युवेल्स’ ते हेच. ते दागिना म्हणून बसवलेले नसतात. माणिक कठीण असतं, गुळगुळीत असतं आणि धातूवर धातू घासला तर होते तशी झीज तिथे होत नाही. फ्रेंच रसायनतज्ज्ञ ऑग्युस्त व्हर्नॉय यांनी १९०२ मध्ये कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केली, तेव्हापासून साध्या माणसाच्या घड्याळातही माणिक बसवणं परवडू लागलं.

आता जालन्यात पहिलं घड्याळ कोणतं घ्यावं? माझ्या मते उत्तर एकच आहे, आणि ते तुमच्याच घरात असण्याची शक्यता मोठी आहे. एचएमटी.

हिंदुस्तान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली यंत्रं बनवण्यासाठी सुरू झाली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून तिनं बंगळुरूला मनगटी घड्याळं बनवायला घेतली. तोवर हिंदुस्थानात चांगलं घड्याळ म्हणजे स्विस घड्याळ. मुंबईत १८८६ पासून धंदा करणाऱ्या वेस्ट एंड वॉच कंपनीचं ‘सोवार’ किंवा फेवर ल्युबाचं घड्याळ. ते परवडणारी माणसं गावात बोटांवर मोजण्याइतकी. एचएमटीनं हे बदलून टाकलं. पुढे श्रीनगर, तुमकूर, उत्तराखंडातलं रानीबाग असे कारखाने वाढत गेले आणि दहा कोटींहून जास्त घड्याळं लोकांच्या मनगटावर गेली. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणीतून वेगळा निघाला, त्या वेळी एचएमटीच्या घड्याळांना वीस वर्षं झाली होती आणि त्यांची भरभराट चालू होती. जावयाला लग्नात एचएमटी, दहावी पास झालेल्या पोराला एचएमटी, निवृत्त होणाऱ्या गुरुजींना निरोप समारंभात एचएमटी, असा तो काळ होता.

पुढे टायटन आली. सेलचं घड्याळ चावी मागत नव्हतं आणि महिन्याला मोजके सेकंदच चुकत होतं. त्यातला क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. सेकंदाला पाच ठोके देणारं बॅलन्स व्हील वेळेच्या अचूकतेत त्याला कधीच गाठणार नव्हतं. एचएमटी मागे पडत गेली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस बंद करण्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यानंतर मात्र या घड्याळांची ओढ वाढली. कारखाना बंद पडला की लोक वस्तूची किंमत करू लागतात, याचं मला नेहमी वाईट वाटत आलं आहे.

एचएमटीत पहिलं घ्यायचं तर ‘जनता’ घ्या. पांढरी किंवा चंदेरी डायल, साधे काटे, चावीचं मशीन, तारीख नाही, वार नाही. बिघडायला जेवढं कमी तेवढं पहिल्या घड्याळाला चांगलं. देवनागरीत ‘जनता’ लिहिलेल्या डायलही कंपनीनं काढल्या होत्या, त्या फार देखण्या आहेत. काळ्या डायलचं ‘पायलट’ही बहुधा याच घराण्यातल्या मशीनवर चालतं. त्या मशीनचा क्रमांक ०२३१. हा क्रमांक लक्षात ठेवा, कारण एका घड्याळाचा भाग दुसऱ्याला बसणं ही जुन्या घड्याळाच्या मालकाची सर्वांत मोठी सोय असते. ‘सोना’ सडपातळ आणि सोनेरी. ‘कांचन’ ऑटोमॅटिक, वार-तारखेचं. लग्नात देण्याघेण्यासाठी त्याला एकेकाळी इतकी मागणी होती की ते मिळवायला वशिला लागे. मोह होईल, पण ऑटोमॅटिकची सर्व्हिसिंग अधिक किचकट आणि महाग. ते दुसरं घड्याळ म्हणून ठीक. जनता अजूनही साधारण एक ते तीन हजारांच्या घरात मिळून जातं. त्याहून फार जास्त कोणी मागत असेल तर त्या एका घड्याळात विशेष काय आहे ते त्यानं दाखवून द्यायला हवं.

विकत घेण्याआधी घरची कपाटं धुंडाळा. आजोबांचं घड्याळ बंद पडलं म्हणून रुमालात गुंडाळून ठेवलेलं असतं, कुणी ते टाकलेलं नसतं. आजीला विचारा, मामाकडे विचारा, चुलत्यांना फोन करा. बंद असलं तरी काही बिघडत नाही. बंद पण न उघडलेलं घड्याळ हे चालू पण दहा जणांनी उघडलेल्या घड्याळापेक्षा शंभर पटींनी बरं. जालना तर भंगाराचं गाव. इथल्या भट्ट्यांतून लोखंडी सळया निघतात त्या भंगार वितळवूनच. गल्लोगल्ली फिरणाऱ्या भंगारवाल्याशी ओळख असेल तर जुनी घड्याळं आली की बाजूला ठेव म्हणून सांगून ठेवा.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यामुळे नवखा माणूस हमखास फसतो. जगभरच्या घड्याळप्रेमींच्या बोलण्यात ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्दप्रयोग आहे. तो कौतुकाचा नाही, आणि मराठी माणूस म्हणून तो मला टोचतो. जुनं, अनेकदा झिजलेलं मशीन, कुठून तरी आणलेली केस, नव्यानं रंगवलेली डायल, तिसऱ्याच घड्याळाचे काटे, अशी मोळी बांधून पॉलिश मारलेलं घड्याळ म्हणजे मुंबई स्पेशल. त्यावर नाव एनिकार, कॅमी, रोमर, हेन्री सँडोज, फेवर ल्युबा, सीको ५ यांपैकी काहीही असू शकतं. डायलचे रंग असे की मूळ कारखान्यात ते कधी कुणाच्या मनातही आले नसते. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तूंच्या ढिगात अशी घड्याळं मिळतात आणि इंटरनेटवरून तर ती जालन्यातल्या घरापर्यंत पोस्टानं येतात.

यामागची हकिगत समजून घेतली की राग थोडा निवळतो. आयातीवर कडक बंधनं होती त्या काळात स्विस घड्याळाची डायल डागाळली तर नवी मिळण्याची सोय नव्हती. गिऱ्हाईकाला घड्याळ नव्यासारखं हवं असायचं. मग डायल खरवडून पुन्हा रंगवणारे, त्यावर अक्षरं छापणारे कारागीर तयार झाले. ती दुरुस्तीच होती आणि मालकाच्या सांगण्यावरून होती. लबाडी सुरू झाली ती पुढे, तीच रंगवलेली डायल ‘ओरिजिनल’ म्हणून अनोळखी माणसाला विकली जाऊ लागली तेव्हा. एचएमटीही यातून सुटली नाही. पायलटची खरी ओळख काळी डायल. भडक लाल, पोपटी, केशरी पायलट दिसलं, डायलवर विमान, लष्कराचं चिन्ह किंवा तिरंगा दिसला तर हात आखडता घ्या.

रंगवलेली डायल ओळखायला भिंग पुरतं. कारखान्यातली छपाई बारीक आणि धारदार असते, अक्षरांच्या कडा फुटत नाहीत. पुन्हा छापलेली अक्षरं जाडसर असतात, कुठे शाई पसरलेली, कुठे ओळ किंचित तिरकी. मिनिटांच्या रेघा मोजत फिरा. बाराच्या जागची रेघ बाराच्या खुणेच्या बरोबर मधोमध येते का पाहा. उंचावलेल्या आकड्यांच्या मुळाशी रंग साचलेला आहे का, मधल्या भोकाच्या कडेला रंगाचा थर दिसतो का, हेही बघा. आणि सगळ्यांत सोपी खूण म्हणजे वय. पन्नास वर्षांच्या घड्याळाची केस ओरखड्यांनी भरलेली, चावी झिजलेली, आणि डायल मात्र काल केलेली दिसत असेल तर ती कालच केलेली आहे. पिवळसर झालेली, कडेला जरा डाग पडलेली, पण मूळची डायल मी डोळे मिटून घेईन. डायलचं वय लपवलेलं नसेल तर बाकीचं घड्याळही बहुधा खरं निघतं.

जुन्या स्विस घड्याळाच्या काट्यांवर आणि आकड्यांवर अंधारात चमकणारा जुनाट तपकिरी लेप असेल तर तो नखानं, पिननं अजिबात खरवडू नका. पहिल्या महायुद्धापासून १९६० च्या आसपासपर्यंत त्यासाठी रेडियम वापरत. चमक कधीच विझलेली असते, कारण लेपातलं चमकणारं द्रव्य झिजतं. रेडियम मात्र तिथेच असतं. ते निम्मं व्हायला १,६०० वर्षं लागतात. मनगटावर बंद काचेआड त्याचा धोका थोडा, पण त्याची भुकटी श्वासात जाणं वाईट. असं घड्याळ पहिलं म्हणून घेऊच नये.

घड्याळ हातात आल्यावर चावी हळू फिरवा. भरताना ती खरखरू नये, मागे घसरू नये आणि वीस-तीस फेऱ्यांनंतर स्पष्ट अडली पाहिजे. अडली की थांबायचं. चावी बाहेर ओढून काटे फिरवा, एकमेकांना घासत नाहीत ना बघा. मग मागचं झाकण उघडायला सांगा. जो विकणारा झाकण उघडू देत नाही त्याच्याशी पुढचं बोलणं नको. आत तीन गोष्टी बघायच्या. एक, गंज. चावीची दांडी जिथून आत येते तिथे तपकिरी डाग असतील तर पावसाचं किंवा घामाचं पाणी आत गेलं आहे. दोन, स्क्रू. त्यांच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर अडाणी हात आत फिरून गेला आहे. तीन, बॅलन्स व्हील. चावी भरल्यावर त्याचा झोका मोकळा, रुंद आणि एकसारखा दिसायला हवा. रखडत, कापत फिरणारं बॅलन्स बघवत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरलेले बारीक आकडे दिसले तर खूश व्हा. जुने घड्याळजी सर्व्हिसिंगची तारीख किंवा स्वतःची खूण तिथे कोरून ठेवत.

‘चालू आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. चालू घड्याळसुद्धा घेतल्या घेतल्या सर्व्हिसिंगला द्यायचंच, आणि तो खर्च घड्याळाच्या किमतीत आधीच धरायचा. तेल वीस वर्षांपूर्वीचं असेल तर ते सुकून चिकट झालेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, कपाटातलं घड्याळही तापतं, आणि मराठवाड्याची धूळ बारीक फटीतूनही आत शिरते. धूळ मिसळलेलं तेल पॉलिश पेपरसारखं काम करतं. ते एकाच वेळी टोकं झिजवतं आणि घड्याळ चालूही ठेवतं. म्हणून तर ‘चालतंय ना, मग कशाला खोलायचं’ हा सल्ला घातक आहे. वरून मारलेल्या तेलाच्या थेंबानं घड्याळ काही महिने धावतं, कारण जुना चिकटा सैल होतो. मग तो सगळा गाळ खड्यांच्या भोकांत जाऊन बसतो.

खऱ्या सर्व्हिसिंगमध्ये मशीन केसबाहेर येतं, काटे आणि डायल निघतात, स्प्रिंगचा उरलेला ताण सोडला जातो आणि मग एकेक भाग सुटा होतो. धुणं आपल्याकडे बहुधा पेट्रोलनं होतं. चांगला कारागीर ते दोन-तीन वाट्यांत बदलून घेतो, खड्यांची भोकं लाकडाच्या टोकदार काडीनं साफ करतो आणि फुंकणीनं वाळवतो. मोठ्या गावांत अल्ट्रासॉनिक यंत्रही वापरतात. इथे एक देशी गंमत आहे. अडसराच्या टोकांचे दोन माणकाचे खडे लाखेनं चिकटवलेले असतात. झाडावरच्या किड्यापासून मिळणारी तीच लाख, जिच्या बांगड्या होतात. ती पेट्रोलला दाद देत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून तो भाग स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायचा नसतो, आणि हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाती घड्याळ सोपवायला हरकत नाही.

तेलही एक नसतं. जोरानं आणि सावकाश फिरणाऱ्या चाकांना घट्ट तेल, बॅलन्सच्या टोकांना अगदी पातळ, स्प्रिंगला आणि चावीच्या भागांना ग्रीस. पूर्वी घड्याळांसाठी डॉल्फिनच्या कुळातल्या माशासारख्या जलचरांच्या जबड्यातून काढलेलं तेल वापरत, कारण ते लवकर घट्ट होत नसे. आता कृत्रिम तेलं आहेत आणि ती बरीच वर्षं टिकतात. शिलाई मशीनचं तेल घड्याळाला चालत नाही, ते पसरतं आणि सुकतं. घड्याळजींना कोणतं तेल वापरता हे अदबीनं विचारायला लाजू नका. आपल्या कामाविषयी कोणी विचारलं की हे लोक मनापासून बोलतात. चांगलं तेल महाग पडतं म्हणून ते हलकं वापरत असतील तर बाटली तुम्ही आणून द्या. मजुरीत घासाघीस करू नका. शंभर-दीडशे भाग सुटे करून परत चालते करणाऱ्या माणसाला आपण सेल बदलायच्या भावात तोलतो, आणि त्याचा मुलगा या टेबलावर बसत नाही याचं ते एक कारण आहे.

घड्याळ परत आलं की रोज सकाळी एकाच वेळी चावी भरा आणि आठवडाभर मोबाइलच्या वेळेशी ताडून लिहून ठेवा. दिवसाचे ८६,४०० सेकंद. त्यात वीस-तीस सेकंदांची चूक होत असेल तर पन्नास वर्षांच्या जनताकडून ती उत्तम कामगिरी आहे. रोज एकाच बाजूला, सारखीच चूक होत असेल तर घड्याळजी आतली पट्टी किंचित सरकवून ती कमी करतात. आज पुढे, उद्या मागे असं होत असेल तर काम अर्धवट झालं आहे, परत दाखवा. अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे धावू लागलं तर घाबरू नका. बहुधा हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागून तिचे वेटोळे एकमेकांना चिकटलेले असतात. मोबाइलच्या कव्हरचं चुंबक, स्पीकर, पर्सची कडी एवढंही त्याला पुरतं. कारागिराकडे ते उतरवायचं छोटं यंत्र असतं, काम मिनिटाभराचं.

पाण्याचं मात्र गांभीर्यानं घ्या. झाकणावर काहीही लिहिलेलं असो, जुन्या घड्याळाला पाणी दाखवायचं नाही. पावसात काचेच्या आत वाफ धरली तर त्याच दिवशी उघडून घ्या. पोलादाला गंज चढायला चार दिवस पुरतात. शेतात, ट्रॅक्टरवर, क्रिकेटला ते हातात नको. उन्हाळ्यात घामानं कातडी पट्टा कुजतो आणि चावीच्या फटीतून खार आत जातो, तेव्हा संध्याकाळी सुक्या मऊ कापडानं पुसून ठेवायची सवय लावा. प्लास्टिकच्या काचेवरचे बारीक ओरखडे पॉलिशनं जातात किंवा काच थोडक्यात बदलून मिळते. केसला मात्र बफ मारून घेऊ नका. कडा एकदा गोल झाल्या की त्या परत येत नाहीत. वार-तारखेचं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलायची नाही, त्या वेळी आतली चाकं स्वतःच तारीख ढकलायच्या तयारीत एकमेकांत अडकलेली असतात. चार-पाच वर्षांनी पुन्हा सर्व्हिसिंग.

आणि एक जादा खरेदी लगेच करून ठेवा. ०२३१ मशीनचंच, पण फुटक्या काचेचं, डायल गेलेलं एखादं पडीक एचएमटी मिळालं तर थोडक्या पैशांत घेऊन घड्याळजींच्या ताब्यात द्या. नवे भाग आता बनत नाहीत. बॅलन्सची दांडी मोडली, स्प्रिंग तुटली, चावीची खाच झिजली की जो भाग लागेल तो त्या पडीक मशीनमधूनच निघणार आहे. त्यातलं जे तुम्हाला लागणार नाही ते दुसऱ्या कुणाच्या घड्याळात गेलं तरी जाऊ द्या. घड्याळजींना तसं आधीच सांगून ठेवा.